कडेवरचं पिल्लू

आमचं पिल्लू आता ९ आठवड्यांचं झालंय. पार्व्होच्या लशींचे डोस १६ आठवड्यांपर्यंत चालणार, तोवर त्याला रस्त्यावर सोडायचं नाही. पण गंमत अशी, की कुत्र्याला जगाची ओळख होते ती साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. तेव्हा जे दिसलं-ऐकलं नाही, त्याची भीती पुढे सहसा जात नाही.

मग काय, रोज संध्याकाळी स्वारी कडेवर! उरणच्या रस्त्यावरचे कंटेनरचे ट्रेलर, मोरा बंदरावरची लाँच, मासळीबाजारातला कोळणींचा गलका... सगळं कडेवरूनच. ट्रेलर धडधडत गेला की ते थरथरतं, मी लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा देतो. परवा ट्रेलर गेला, तर पठ्ठ्याने थेट माझ्या खिशाकडे पाहिलं!

आई म्हणते, "तुम्हालासुद्धा एवढं कडेवर फिरवलं नव्हतं रे." खरंय. पण आम्हाला सवडीने मोठं व्हायला अख्खं बालपण होतं. याच्याकडे जेमतेम ५ आठवडे उरलेत.