टोपीवरची अक्षरे

साहित्यविषयक पानावर विद्युत्-परिपथाबद्दल लिहायचे, तर त्याचे कारण आधी सांगायला हवे. मी मराठी शिकवते. गेले काही महिने आठवीतल्या भाचीबरोबर एक लहानसा रोबो बांधते आहे. त्याला मागे दोन चाके आणि पुढे एक भिरभिरते चाक आहे. दोन पिवळ्या बीओ मोटर आहेत, समोर अंतर मोजणारा ध्वनिसंवेदक आहे आणि मेंदूच्या जागी रास्पबेरी पाय हा एकाच पाटीवर मावणारा संगणक. या सगळ्यांना संगणकाशी जोडणारा बोर्ड बाजारात तयार मिळतो. तो न आणता आम्ही स्वतः आरेखित केला. या उद्योगात माझा सर्वाधिक वेळ ज्या प्रश्नाने खाल्ला तो विजेचा नव्हताच. बोर्डावर कोणत्या भाषेत लिहायचे, हा तो प्रश्न होता.

रास्पबेरी पायच्या एका कडेला पिनांची दुहेरी रांग असते. हा संगणक २०१२ साली आला तेव्हा तिच्यात २६ पिना होत्या. जुलै २०१४ मध्ये बी प्लस हे मॉडेल आले आणि त्या ४० झाल्या. त्याच वेळी संगणकावर बसवायच्या बोर्डांसाठी एक नियमावली जाहीर झाली आणि अशा बोर्डाला 'हॅट' हे नाव मिळाले. 'हार्डवेअर अटॅच्ड ऑन टॉप' या शब्दांची आद्याक्षरे जुळवून केलेला हा श्लेष. (मराठीत 'टोपी घालणे' म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नकोच. आमच्या घरी हा बोर्ड पहिल्या दिवसापासून 'टोपी'च आहे.) नियम मोजके, पण काटेकोर: लांबीरुंदी ६५ बाय ५६.५ मिलिमीटर, ठरल्या जागी चार भोके, आणि २७ व २८ क्रमांकांच्या पिनांना जोडलेली एक छोटी स्मृती-चिप, जिच्यात बोर्डाची ओळख नोंदवलेली असते. हे न पाळताही बोर्ड करता येतो आणि तो उत्तम चालतो. फक्त त्याला हॅट म्हणता येत नाही. बारा ओळींची कविता काही वाईट नसते; तिला सुनीत म्हणत नाहीत, इतकेच. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'हॅट प्लस' नियमावलीने मापाचे बंधन बरेच सैल केले. आम्ही जुन्याच मापात राहिलो.

खरी अडचण दोन व्होल्टतांची. संगणकाच्या पिनांना ३.३ व्होल्ट चालतात, त्याहून अधिक सोसत नाहीत. आमचा ध्वनिसंवेदक मात्र ५ व्होल्टवर चालतो आणि उत्तरही ५ व्होल्टमध्येच देतो. मध्ये १ आणि २ किलोओहमचे दोन रोध घातले की ५चे सुमारे ३.३ होतात. दोन पैशांच्या वस्तू, पण त्या नसतील तर संगणकाची ती पिन कायमची जाऊ शकते. मोटरचे दुखणे निराळे. थांबलेली मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट विद्युत्धारा ओढते, त्या क्षणी ५ व्होल्टचा पुरवठा खाली बसतो, आणि तो ४.६३ व्होल्टच्या आसपास आला की संगणक तक्रार करू लागतो. आणखी घसरला, तर बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुट्या तारांनी जोडलेला आमचा रोबो भिंत टाळायला वळला की दर वेळी स्मृतिभ्रंश झाल्यासारखा थबकायचा, त्याचे कारण हेच.

यावरचा उपाय समजावून घेताना मला या कामातली सर्वांत रोचक गोष्ट सापडली. बोर्डाच्या दोन संहिता असतात. पहिली स्कीमॅटिक: कोण कोणाला जोडलेले आहे, एवढेच ती सांगते. तिच्यात रेषा आखूड काढा की लांब, अर्थ बदलत नाही. दुसरी प्रत्यक्ष मांडणी, म्हणजे तांब्याची वाट कुठून कशी जाते ते. इथे लांबी, रुंदी आणि शेजार यांवाचून दुसरे काही नसतेच. मोटर चालवणाऱ्या चिपच्या वीजपिनेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडायचा असतो. स्कीमॅटिकमध्ये तो पानाच्या कोपऱ्यात काढला तरी बिघडत नाही. मांडणीत तो चिपला बिलगून नसेल तर त्याचा उपयोग जवळजवळ संपतो, कारण मधले काही सेंटिमीटर तांबेच क्षणिक धारेला आडवे येते. पहिली संहिता अक्षरशः पाळूनही दुसरी फसू शकते. कवितेचा अन्वय बिनचूक लावून कविता हातातून निसटलेली आपण वर्गात पाहतोच, पण तिथे वाद घालायला जागा असते. इथे रोबो थबकतो.

आम्ही वापरले ते कीकॅड. ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली ते सुरू केले, २०१३पासून सर्न या संशोधनसंस्थेने त्याला हातभार लावला, आणि ते कोणालाही मोफत वापरता येते. तपशिलांत शिरत नाही. मोटरच्या वाटा रुंद ठेवल्या, संदेशांच्या वाटा बारीक. मोटरच्या पुरवठ्यावर एक मोठा कपॅसिटर बसवला. असो.

आता अक्षरांकडे येते. तांब्यावर हिरवा थर चढतो आणि त्यावर पांढऱ्या शाईत मजकूर उमटतो, त्या थराला सिल्कस्क्रीन म्हणतात. लग्नपत्रिका छापतात त्या स्क्रीन प्रिंटिंगचेच हे नाव. विजेला या थराशी काही देणेघेणे नाही. तो केवळ वाचणाऱ्यासाठी आहे. म्हणून वाचणारा कोण, हे ठरवावे लागते. आमची वाचक मराठी माध्यमात शिकते. मी पाठ्यपुस्तकाला स्मरून 'चलित्र' असे लिहिले. "आत्या, चलित्र कोण म्हणतं? मोटर म्हण ना!" तिचे बरोबर होते. 'मोटर' हा शब्द मराठीच आहे आणि 'चलित्र' परीक्षेपुरता. मग 'मोटर डावी' आणि 'मोटर उजवी' असे लिहायचे ठरले, तर डावी कोणाची? रोबो आपल्याकडे तोंड करून आला की त्याचे डावे ते आपले उजवे. उजव्या सोंडेच्या गणपतीचा उजवा हात त्याचा स्वतःचा असतो, पाहणाऱ्याचा नव्हे, हे आठवले आणि प्रश्न सुटला.

रोध आणि चिप यांचे क्रमांक, तसेच भूसंपर्काचे चिन्ह, हे मात्र आम्ही रोमन लिपीतच राखले. बोर्ड बिघडला तर तपकीर गल्लीतल्या दुकानदारापासून दूरदेशीच्या अनोळखी जाणकारापर्यंत सर्वांना तीच खूण वाचता येते. ती तिच्यापासून हिरावून घेणे म्हणजे भाषाप्रेम नव्हे. एका सहकाऱ्यांना उरलेली देवनागरी ही हौस वाटली. मला तसे वाटत नाही. तार हातात धरून ती कुठे खुपसायची हे शोधणाऱ्या मुलीला 'डावी' हा शब्द भाषांतर न करता कळतो, आणि चुकीच्या जागी गेलेली तार वस्तू जाळते.

देवनागरी छापणे मात्र सोपे नाही. कीकॅडमध्ये २०२३च्या सातव्या आवृत्तीपासून संगणकावरचे कोणतेही टंक वापरता येतात. पण छापणाऱ्यांना साधारण ०.१५ मिलिमीटरहून बारीक रेघ नको असते. रोमन मोठे अक्षर १ मिलिमीटर उंचीत भागते. आपल्याला शिरोरेघ, वर वेलांटी, खाली उकार. त्या उंचीत 'ड'चे पोट भरून जाते. अडीच मिलिमीटर लागले, आणि तेवढ्यासाठी एक स्क्रू टर्मिनल बाजूला सरकवावा लागला.

राहिली ती स्मृती-चिप. जुन्या पोथीच्या शेवटी पुष्पिका असते, तशी ही: कर्त्याचे नाव, वस्तूचे नाव. संगणक सुरू होताना ती वाचतो. रोबोचा सांगाडा काळा, म्हणून त्याचे नाव काळू. सिल्कस्क्रीनवर ते ठळक आहे. चिपमधल्या नोंदीला मात्र केवळ साधी रोमन अक्षरे चालतात, आणि त्यांत ळ नाही. आम्ही के, ए, एल, यू अशी चार अक्षरे लिहिली. भाचीच्या मते हा कोणी कालू असून त्याचा आमच्याशी संबंध नाही. एल दोनदा लिहावा असे तिचे म्हणणे, त्याने 'कल्लू' होईल असे माझे. चिपमधली नोंद पुसून पुन्हा लिहिता येते, त्यामुळे हा वाद मिटवण्याची घाई दोघींनाही नाही.