आयर्विन पुलाखालचे पाणी

श्रावण लागला की सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या भावाआधी फुटांची चौकशी होते. आयर्विन पुलाजवळ पाणी कितीवर आले? ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ ही धोक्याची, हे येथील शाळकरी मुलासही पाठ असते. १९२९ साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल गावाची मोजपट्टीच होऊन बसला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. पेठेतील तळमजले बुडाले, गोदामांतील माल कुजला, आणि पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून माणसे दगावली. त्याआधी २००५ चा पूर होता. नंतर दोनच वर्षांनी २०२१ चा आला.

सांगलीपासून जवळच, वारणा जेथे कृष्णेस मिळते तेथे हरिपूर आहे. संगमेश्वराच्या दर्शनास येणारे पुष्कळ. पण व्यापारी घराण्यांस हे गाव परिचित आहे ते तेथील पेवांमुळे. तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस असे हे जमिनीतले कोठार. येथील मातीत ओल सहसा झिरपत नाही, म्हणून हळद त्यात वर्षानुवर्षे निर्धोक राहत असे. ना कीड, ना रंग उतरण्याची भीती. सांगलीच्या हळदबाजाराची पत या पेवांनी वाढविली. २००५ च्या पुराचे पाणी त्यांत शिरले आणि अनेक पेवे कायमची निकामी झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीवर भरवसा ठेवला, तिने धोका दिला असे म्हणणे सोपे आहे. परंतु पाण्याची वाट कोणी अडविली, हे पाहण्यास नदीकाठाने वर जावे लागते.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचा उगम मानतात. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र सरकारने जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. येथील जांभा दगड पावसाचे पाणी शोषून सावकाश झऱ्यांना देतो. डोंगराचा उतार यंत्राने कापून बंगल्यासाठी सपाट केला, आणि निघालेला मुरूम शेजारच्या ओढ्यात लोटला, की हे देणेघेणे संपते. पाणी मुरत नाही, गाळासह धावते. २०२४ साली कोयनेच्या कांदाटी खोऱ्यातील झाडाणी येथे सुमारे ६२० एकर जमिनीचा व्यवहार झाल्याची बातमी आली आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिची स्वतःहून दखल घेतली. एका गावाएवढी भूमी! वाईच्या ढोल्या गणपतीचा घाट, माहुलीचा वेण्णासंगम, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, ही सारी तीर्थे या उताराच्या पायथ्याशी आहेत.

सपाटीवर आल्यावर भरावाची करामत दिसते. नदीकाठाला दोन रेषा असतात. सुमारे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मध्ये सशर्त. सांगली परिसरात जुने नाले मुरूम टाकून बुजविले गेले, त्यावर भूखंड आखले गेले. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने आपल्या अहवालात अतिवृष्टीबरोबर या अतिक्रमणांकडेही बोट दाखविले. अलमट्टीचे नाव घेऊन समाधान मानणाऱ्यांना ते फारसे रुचले नसावे.

न्यायालयांची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. हिमाचलात बियास नदीकाठच्या एका हॉटेलाने स्वतःस पुरापासून वाचविण्याकरिता यंत्रे लावून प्रवाहच वळविला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नदी ही सरकारची मालमत्ता नव्हे, ती जनतेची ठेव आहे आणि सरकार केवळ विश्वस्त. भाडेपट्टा रद्द झाला, स्थळ पूर्ववत करण्याचा खर्च हॉटेलावर पडला, पुढे २००२ मध्ये १० लाखांचा दंडही झाला. ठेव आणि विश्वस्त हे शब्द पेढीवर बसणाऱ्यास निराळे समजावून सांगावे लागत नाहीत. पुण्यातील एका विकासकाने पर्यावरण परवानगीपलीकडे बांधकाम केले, तेव्हा ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने १०० कोटी रुपये किंवा प्रकल्पखर्चाच्या दहा टक्के, यांपैकी अधिक असेल ती रक्कम भरावयास लावली. २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्यानुसार नुकसानभरपाई आणि पर्यावरणाची पूर्वस्थिती यांसाठी पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. या भागाचे खंडपीठ पुण्यात आहे, फार दूर नाही.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात अतिचारांची गणना क्षेत्र आणि वास्तू यांपासून सुरू होते, म्हणजे भूमी आणि घर यांच्या घेतलेल्या मर्यादेचे उल्लंघन. वर्ज्य धंद्यांच्या पंधरा कर्मादानांत सरोवर-तलाव आटविणे हेही येते. हे नियम सांगणाऱ्यांच्या काळी मुरमाचे डंपर नव्हते, तरी उद्योग ओळखीचा वाटतो.

व्यवहारात मात्र किंमत मोजतो तो दुसराच. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकणारा पैसे घेऊन पुढच्या गावी जातो. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ साली आला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढली. शुल्क भरण्याची पाळी येते ती कर्ज काढून दोन खोल्या बांधणाऱ्यावर, आणि पुरात गाद्या वाळत घालण्याचीही त्याच्यावरच. सातबारा पाहिला जातो, बिनशेती आदेश पाहिला जातो. पूररेषेचा नकाशा समोर ठेवा, असे विक्रेत्याला म्हणणारा ग्राहक विरळा. पाटबंधारे विभागाकडे तो नकाशा असतो, आणि हरिपूरच्या रस्त्यावरील कोणत्या भूखंडातून पूर्वी ओढा वाहत असे, हे जुने हमाल आजही बोट दाखवून सांगतात.