खुंटाला पालवी

सोसायटीच्या सभेत हात मीही वर केला होता. ठराव मंजूर झाला, चहा झाला, खुर्च्या एकावर एक रचून झाल्या. त्या ठरावाविषयी इथं काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे. लिहायला लागलो तर स्वतःची बाजू मांडत बसेन. पण जिना चढताना मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, कुंपणच शेत खाईल एक दिवस." बोलणारा बहुधा सिक्युरिटीच्या वाढलेल्या बिलाबद्दल बोलत असावा. ते ऐकून विसरून जायला काही हरकत नव्हती. म्हण मात्र माझ्यामागून घरात आली, चपला काढून बसली, आणि आज आठवा दिवस, उठायचं नाव घेत नाही.

ही म्हण आपण वापरतो ती चोर निघालेल्या राखणदाराबद्दल. लाच घेणारा फौजदार, ठेवी गिळणारा पतपेढीचा चेअरमन. वर्तमानपत्रांनी ती इतकी घासली आहे की मथळा वाचला की बातमी वाचायची गरज उरत नाही. माझे आजोबा मात्र तिच्यात कोणाला चोर ठरवत नसत. त्यांच्या लेखी ती म्हण कसली, शेतीतली साधी माहिती होती.

अलिबागजवळ आमची वाडी होती. पुढे नारळ-सुपारी, मागच्या अंगाला वालाचा आणि पांढऱ्या कांद्याचा तुकडा. कुंपण शेराचं, मधे मधे निरगुडी, कोपऱ्यांना पांगाऱ्याचे खुंट. शेराला गुरं तोंड लावत नाहीत. चीक डोळ्यांत गेला तर माणूसही दोन दिवस रडतो. पाऊस तोंडावर आला की आजोबा पांगाऱ्याच्या मनगटाएवढ्या फांद्या तोडून हातभर खोल पुरायचे. श्रावणापर्यंत त्या खुंटांना पालवी फुटलेली असायची. मला कोण कौतुक! वाळकं दांडकं म्हणून रोवलं आणि त्याचं झाड झालं. आजोबा त्या पालवीकडे बघून म्हणत, "आता हा जेवायला बसला." मूळ धरलं की ते कांद्याच्या वाफ्यात शिरणार, शेणखत ओढणार, वर फांद्या पसरल्या की सावली. कुंपणालगतच्या दोन ओळी कायम खुरटलेल्या. तिथला कांदा लिंबाएवढा. आणखी एक गोष्ट होती. मोडकं कुंपण सांधताना नवा खुंट जुन्याच्या आतल्या बाजूला पुरला जायचा, कारण पुरणारा आत उभा असायचा. असं करत करत दहा-बारा वर्षांत कुंपण हातभर आत यायचं. यात कोणाची लबाडी नाही. जागा आमची, खुंट आमचे, पुरणारे हातही आमचेच.

उलटंही होतं म्हणा. नांगरताना फाळ बांधाला घासत न्यायचा आणि दर वर्षी वीतभर माती आपल्याकडे ओढायची, याला आपल्याकडे बांध कोरणं म्हणतात. तिथं शेतच कुंपण खातं. पण तशी म्हण कोणी केली नाही. म्हणी करणारे सगळे शेतवाले.

भरकटलो. सांगायचं होतं कुंपणापलीकडच्यांबद्दल.

पलीकडे तेली राहत. आजी त्यांना 'शनवार तेली' म्हणे. म्हणजे बेने इस्रायल, आपल्या रायगडातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा विस्तार, अशी त्यांची कथा. आडनावं गावांची: केहिमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर. अलिबागेत इस्रायल आळी अजून आहे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आमच्या कुंपणाला त्यांच्या बाजूनं एक बेडं होतं: दोन खांबांत आडवे बांबू सरकवलेले. माणूस बांबू सारून आत यायचा, गुरू अडायचं. त्या बेड्यातून आजी तेलाची बुधली घेऊन जाई, शनिवारी जात नसे. मला वाटायचं, त्यांची सुट्टी म्हणून. एकदा विचारलं तर आजी म्हणाली, "शनवारी तेल घरात आणत नाहीत, शनीचा वार." म्हणजे ते त्यांच्या देवाच्या आज्ञेनं विकत नव्हते आणि आम्ही आमच्या ग्रहाच्या धाकानं घेत नव्हतो, आणि या दोन कारणांची एकमेकांशी कधी ओळखसुद्धा झाली नाही. असा शेजार किती पिढ्या चालला असेल कोण जाणे. मी दहा वर्षांचा असताना ते इस्रायलला गेले. भीतीनं गेले असं तेव्हा कोणी म्हणालं नाही, नंतरही ऐकलं नाही. तिकडे गेलेल्यांनी पुढे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. ते गेल्यावर आजोबांनी बेड्याच्या जागी दोन खुंट पुरले. कोणी यायचंच नव्हतं तर फट ठेवून काय करायची?

या लोकांच्या प्रार्थनाघरांची नावं पाहा. मुंबईतलं सगळ्यात जुनं, मशीद बंदरजवळचं, १७९६ सालचं: शार हारहामीम. शार म्हणजे दार, दयेचं दार. ठाण्यातलं १८७९ चं: शार हाशामाईम, स्वर्गाचं दार. (शेराचं कुंपण आणि शार हे दार! भाषांचा काही संबंध नाही, पण मला मोह आवरला नाही.) मशीद बंदरचं ते दार बांधलं सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी. दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले. पुढचं सांगतात ते असं: कैद्यांना विचारलं, तुम्ही कोण? हे म्हणाले, बेने इस्रायल. ते टिपूच्या आईच्या कानावर गेलं. या लोकांचा उल्लेख कुराणात आहे, पण तिनं ते कधी पाहिले नव्हते. तिनं रदबदली केली आणि जीव वाचले. सुटून आलेल्या माणसानं नवसाचं म्हणून हे सिनेगॉग बांधलं. आसपासचे लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणू लागले आणि रेल्वे स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं म्हणतात.

कथा किती खरी, कोण सांगणार. पण फाटकावर 'तुम्ही कोण' असं विचारलं जातं आणि खरं उत्तर दिल्यामुळे माणूस आत घेतला जातो, अशी गोष्ट मला दुसरी आठवत नाही. हल्ली उत्तर ऐकून काय होतं ते भाड्यानं घर शोधणाऱ्या कुणालाही विचारा.

२६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी आणि त्यांची पत्नी धरून सहा जण मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला, मोशेला, सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून बाहेर आणलं. तेव्हापासून शहरातल्या सिनेगॉगांवर बंदूकवाले पोलीस दिसू लागले. मध्यंतरी एकदा मी अशाच एका दारात गेलो होतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक हवालदार बसले होते. आधार कार्ड पाहिलं, वहीत नाव लिहायला लावलं, कशासाठी आलात विचारलं. शनिवार होता. मी म्हटलं, आत प्रार्थना चालू असेल तर थांबतो. ते म्हणाले, "नाही अजून. नऊच आलेत. दहा पुरुष लागतात यांना." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "ते नेहमीचे काका येतील आता. गुडघ्याचा त्रास आहे, उशीर होतो." काका आले तेव्हा हवालदार उठून उभे राहिले आणि त्यांना हात धरून पायरी चढवली.

हे पाहिल्यापासून माझी पंचाईत झाली आहे. कुंपण शेत खातं म्हणावं, तर हा खुंट पलीकडच्याची तिथी-वेळ, गुडघे, सगळं ओळखून आहे. याला पालवी फुटली आहे, पण ती वेगळीच. आणि राखण चांगली म्हणावं, तर दहा माणसांना देवाचं नाव घ्यायला एक रायफल लागते, हे चांगलं कसं म्हणू? माझ्या आजीला तिथं जायला एक बुधली पुरत होती.

शाळेचंही तेच. नातीला आणायला मी रोज जातो. फाटकावरचा रखवालदार मला चांगला ओळखतो, 'काय आजोबा' करतो. एक दिवस पालकांचं कार्ड घरी राहिलं. तो म्हणाला, कार्डाशिवाय सोडता येत नाही. नात पलीकडून जाळीतून हात हलवतेय, मी इकडून हलवतोय, आणि मधे हा रोज हसणारा माणूस मान खाली घालून उभा. सुनेला फोन लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. पहिली दहा मिनिटं मी मनात त्याला शिव्या देत होतो. नंतरची दहा मला तो फार मोठा माणूस वाटायला लागला.

मग बदलापूर आठवतं. ऑगस्ट २०२४. अवघ्या चार वर्षांच्या दोन मुली, आणि आरोप शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्यावर. लोक रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास थांबल्या. लगोलग शासननिर्णय निघाला: शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवावेत. फाटक तिथंही असणारच. म्हणजे आता खुंट वर्गाच्या दारापर्यंत पुरायचे. पुरू नयेत असं कोणत्या तोंडानं म्हणू? पुरले की सावली कुठवर जाईल, हेही दिसतं. नात परवा घरात शिरता शिरता छताकडे बघून म्हणाली, "आपल्याकडे कॅमेरा नाही?" तिला ते कमी वाटलं की बरं वाटलं, मला विचारवलं नाही.

मालेगावचं आठवतं तेव्हा मात्र आजोबांची माहिती पुरत नाही, वर्तमानपत्रवाला अर्थच घ्यावा लागतो. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारात, बडा कब्रस्तान, शुक्रवारच्या नमाजानंतरचे स्फोट. तीसहून अधिक माणसं गेली. त्यासाठी पकडले गेले ते नऊ मुसलमानच. त्यातल्या बहुतेकांची पाच वर्षं तुरुंगात गेली आणि २०१६ मध्ये कोर्टानं त्यांना आरोपमुक्त केलं. ज्यांच्यावर घाव, त्यांच्यावरच आळ. अशा माणसांना 'सुरक्षा वाढवली आहे' हे वाक्य कानाला कसं लागत असेल?

आणि तरीही माणसं कुंपणच शोधतात. 'सोसायटी' या शब्दाचं आपण मराठीत काय करून ठेवलं आहे पाहा: गावात पीककर्ज देते ती सोसायटी, शहरात वॉचमन ठेवते ती सोसायटी; आणि शब्दकोशातला अर्थ 'समाज', जो आपण 'आमचा समाज' असं म्हणून जातीपुरता ठेवला. मुंबईतल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक, १९१५ ची गावदेवीची सारस्वत सोसायटी, कानडी मुलखातून आलेल्या मूठभर भाडेकरूंनी एकत्र राहता यावं म्हणून काढली. त्यात वाईट काय? फक्त पारशांनाच सभासद करणाऱ्या अहमदाबादच्या एका सोसायटीचा नियम २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं उचलून धरला. थोडे उरलेल्यांनी दार लावून घेतलं तर त्यांना मी काय बोलू? पण १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतले कितीतरी मुसलमान मुंब्र्याला गेले ते जिवाच्या भीतीनं, आणि आता मुंब्र्याचा पत्ता सांगितला की समोरचा क्षणभर थांबतो. आसऱ्यासाठी गाठलेलं कुंपण तेच, पण त्याला बाहेरून कडी कोणी घातली? भायखळ्याला सर जेकब ससून हायस्कूल आहे, मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात, ज्यू मुलांसाठी निघालेलं. आज तिथली बहुतेक मुलं मुसलमान आहेत. हे मी दिलासा म्हणून लिहायला घेतलं होतं. लिहिताना दिसलं की त्या फाटकाचीही राखण करावी लागते.

सभेत हात वर केला तेव्हा माझ्या मनात काय होतं, हे आठ दिवस आठवतो आहे. बहुधा नात होती. की शेजारच्यांचे वर झालेले हात?

वाडी आम्ही १९९४ साली विकली. गेल्या महिन्यात अलिबागेला काम होतं, म्हणून रिक्षा तिकडे वळवली. कुंपण गेलं आहे. आमची वाडी आणि तेल्यांची जागा मिळून एकच बंगला, भोवती चिऱ्याची पुरुषभर भिंत, फाटकाशी केबिन. वॉचमननं वही पुढे केली. नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, वेळ टाकली. 'कोणाकडे' या रकान्यापाशी पेन थांबलं. तो जरा वेळ थांबला, मग त्यानं वही मागे घेतली.