पश्चिमेची खिडकी

आमच्याकडे कुणी आलं की आईच्या खोलीतली जुनी खिडकी बघून विचारतंच, "अजून बदलली नाही?" परवा पुण्याच्या काकूंनीही फोनवर विचारलं. म्हणून मंडळी, एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

खोली पश्चिमेची. नाशिक थंड हवेचं म्हणून मिरवतं खरं, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारनंतर ऊन थेट त्या खिडकीवर. आई ७८ वर्षांची, खोली सोडायला तयार नाही, आणि तिचा पलंग खिडकीला लागूनच. त्यामुळे प्रश्न शोभेचा नव्हता.

धाकट्या भावाचं मत युपीव्हीसी, मेहुण्यांचं ॲल्युमिनियम. मी वही घेऊन बसलो. दीड मीटरची चौकट हिवाळी पहाटेच्या १० अंशांवरून उन्हात ६० अंशांपर्यंत तापली, तर लोखंड साधारण १ मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम पावणेदोन, युपीव्हीसी तब्बल पाचच्या आसपास. सागवान उभ्या रेषेत अर्धा मिलिमीटरही नाही. काच लोखंडाहूनही कमी वाढते. म्हणून तावदानाच्या कडेला थोडी जागा सोडावी लागते, नाहीतर एखाद्या दुपारी कुणी हात न लावता ते तडकतं.

युपीव्हीसी वाईट नाही, उष्णता आत फारशी येऊ देत नाही. पण ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. म्हणून आत पोलादी पट्टी घालतात. पांढरा रंग कमी तापतो, आणि आमच्या बंधुराजांना हवा होता गडद चॉकलेटी! ॲल्युमिनियम ६६० अंशांपर्यंत वितळत नाही, पण लाकडाच्या सुमारे हजारपट उष्णता वाहून नेतं. उशाशी ते नको.

राहिलं लाकूड. पंचवटीतला वाडा उतरवला तेव्हा आजोबांनी ही सागवानी चौकट जपून आणली होती, हा माझा पक्षपात समजा हवं तर. पण लाकडाला उन्हापेक्षा पाण्याचा त्रास जास्त. आषाढात कवाड फुगतं, खांद्याने रेटावं लागतं. वैशाखात सुकून फटी पडतात.

शेवटी सुताराकडून लांबी भरून घेतली, बिजागऱ्या बदलल्या आणि बाहेरच्या बाजूने बांबूचा पडदा सोडला. ऊन मुख्यतः काचेतून येतं, त्यामुळे ते बाहेरच अडवलेलं बरं. आतला पडदा लावेपर्यंत ते घरात आलेलं असतं. आई आता दुपारी तिथेच झोपते. सुतार मात्र जाताना बजावून गेला: पावसाळ्यात कवाड अडलं तरी रंधा मारायचा नाही. तेव्हा तासलं की उन्हाळ्यात फट दुप्पट.