डेव्हची बरणी आणि आजीचा कप

अभ्यासवर्गात आम्ही एका बरणीचा फोटो दाखवला तेव्हा पोरं हसली. "दादा, आज लोणचं शिकवताय का?" हसणं रास्त होतं. समाजशास्त्रात एम.ए. करूनही मातीच्या भांड्यांकडे आम्ही दिवाणखान्यातली शोभा म्हणूनच पाहत आलो होतो.

ही बरणी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधील एजफिल्डची. घडवणारा डेव्हिड ड्रेक. तेव्हा नुसता डेव्ह, कारण तो गुलाम. त्याच राज्याने १८३४ मध्ये गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा ठरवलं. आणि डेव्ह काय करत होता? माती ओली असतानाच बरणीच्या खांद्यावर तारीख, स्वतःचं नाव, कधी दोन ओळींची कविता कोरत होता! गुलामांची कुटुंबं विकून तोडली जात. १८५७ च्या एका बरणीवर त्याने आपली नात्याची माणसं कुठे असतील, असं विचारलं आहे. १८५९ मध्ये बॅडलर नावाच्या साथीदारासह घडवलेली बरणी तर ४० गॅलनची, म्हणजे सुमारे दीडशे लिटरची.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. म्हणून आपले कार्यकर्ते पटकन म्हणतात, त्यांचं-आमचं दुःख एकच. आम्हाला ते पुरतं पटत नाही. डेव्हने घडवलेल्या बरण्यांत खारवलेलं मांस साठवत, मालकवर्ग त्या बिनदिक्कत वापरी. त्याच्या स्पर्शाचा विटाळ नव्हता, धाक होता अक्षराचा. आमची आजी मालकाच्या शेतात राबायची. तिचा कान तुटलेला कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. चहा वरून ओतायचे. इथे अक्षर तर नाकारलंच, हातही नाकारला. राबणं तेवढं चाललं.

२०२१ मध्ये डेव्हची १८५८ सालची एक बरणी लिलावात १५ लाख डॉलरहून जास्त किमतीला एका संग्रहालयाने घेतली. एका मुलीने विचारलं, "पैसे कुणाला मिळाले?" विकणाऱ्याला. डेव्हला मुक्तीनंतर, म्हातारपणी, आडनाव मिळालं. १८७० च्या जनगणनेत ते नोंदलेलं आहे.

"आणि आजीचा कप?"

गोठा पाडून तिथे आता सिमेंटचं घर आहे. कप कुणी ठेवला नाही. तुमच्या वस्तीत कुणी असा कप, असं मडकं जपलं असेल तर फेकू देऊ नका. पुढच्या वर्गाला घेऊन या. वापरणाऱ्याचं पूर्ण नाव, आडनावासकट, चिठ्ठीवर लिहून.