नामबंधू

आपल्याच नावाचा दुसरा मनुष्य जगात असावा, ही गोष्ट मला लहानपणापासून मानवलेली नाही. शाळेत आमच्या वर्गात माझ्याच नावाचा आणि माझ्याच आडनावाचा आणखी एक मुलगा होता. मास्तरांनी सोयीसाठी आम्हांला 'थोरले' आणि 'धाकटे' अशा पेशवाई पदव्या दिल्या होत्या. तरी व्हायचा तो घोटाळा होईच. त्याने फोडलेल्या काचेच्या छड्या एकदा माझ्या हातावर पडल्या, आणि माझ्या निबंधाचे बक्षीस घ्यायला नाव पुकारल्याबरोबर तोच उठून उभा राहिला. छड्यांचे मला फारसे वाटले नाही. बक्षिसाचे अजून वाटते.

हे सारे मी विसरून गेलो होतो. त्याची आठवण करून दिली ती प्राप्तिकर खात्याने.

२०२३ सालची कोजागरी २८ ऑक्टोबरला होती, आणि नेमके त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण आले होते. वेधात दूध प्यावे की नाही, यावरून आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन तट पडले होते. मी अर्थातच पिणाऱ्यांच्या तटात होतो. पेला ओठाला लावतो आहे तोच खिशातला मोबाईल वाजला. बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राचे पत्र होते. माझे विवरणपत्र तपासून झाले असून माझ्याकडून ४२,२४० रुपये येणे आहे, ते तीस दिवसांत भरावे, असा त्याचा मथितार्थ. ग्रहण लागायचे होते मध्यरात्रीनंतर. आमच्या घरी ते साडेआठलाच लागले.

मी कर बुडवणारा मनुष्य नव्हे. हे काही मी अभिमानाने सांगत नाही. नोकरदाराला कर बुडवण्याची संधी देतो कोण? व्यापाऱ्याच्या हातात पैसा आधी येतो आणि कर मागून जातो. आमचा कर आधी जातो आणि पगार मागून येतो. १८६० साली जेम्स विल्सन नावाच्या साहेबाने हिंदुस्थानात हा कर आणला आणि त्याच वर्षी ऑगस्टात तो कलकत्त्यास वारला. त्याने लावलेले झाड मात्र चांगलेच फोफावले. त्या झाडाला मी तीस वर्षे दरमहा बिनतक्रार पाणी घालीत आलो आहे. पगारपत्रकात 'कपात' नावाचा एक रकाना असतो. देवळात गेल्यावर दानपेटीत नाणे टाकावे आणि आत वाकून पाहू नये, तसा मी त्या रकान्याकडे कधी निरखून पाहिले नव्हते.

घरात बातमी सांगितली तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्याकडे नव्याच नजरेने पाहिले.

"कुठे जमीनबिमीन घेऊन ठेवली आहे का तुम्ही? आम्हांला न सांगता?"

त्या प्रश्नात संशयापेक्षा आशाच अधिक होती. नाही म्हणताना मला उगाचच अपराधी वाटले. बेचाळीस हजार म्हणजे आमच्या घरची दिवाळी, स्वयंपाकघराची रंगरंगोटी आणि धाकटीच्या क्लासचा एक हप्ता. रंग तर सांगूनही झाला होता. फिकट पिस्ता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शेजारच्या अण्णांचे दार वाजवले. अण्णांनी उभा जन्म लेखापरीक्षणात घालवला. पानात जिलबी वाढली तरी ते आधी वेढे मोजतात. त्यांनी चष्मा पुसला, माझ्या मुलीकडून संगणक उघडून घेतला आणि माझ्या नावाचे २६ एएस हे पत्रक काढायला सांगितले. आपल्या नावावर कुणी किती कर जमा केला, याचा तो सरकारी उतारा. सातबारा असतो ना, तसाच. फक्त शेत आपले नसते.

"तुझा वर्षाचा कर किती?" अण्णा म्हणाले.

"पंचाहत्तर हजार चारशे."

"इथे सदतीस हजार सातशेच आहेत. पहिल्या दोन तिमाह्या आहेत, पुढच्या दोन नाहीत. बरोबर निम्मा कर गेला कुठे?"

निम्मा कर नाही, आणि तो वेळेवर भरला नाही म्हणून साडेचार हजारांवर व्याज, असे मिळून ते ४२,२४० झाले होते. मी पगारपत्रके आणून दाखवली. बाराही महिने ६,२८३ रुपये कापलेले होते. मी विजयी मुद्रेने अण्णांकडे पाहिले. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र शिष्याने गणित चुकवल्यावर गुरूच्या चेहऱ्यावर येतो तो भाव होता.

"फॉर्म १६ चे दोन भाग असतात," ते म्हणाले. "'ब' भाग कंपनीचा हिशेब. 'अ' भाग सरकारी नोंदीतून निघतो. सरकारात पोचलं किती ते त्यात असतं. तू 'अ' भाग पाहिलास?"

मी पाहिला नव्हता. त्याहून वाईट गोष्ट मला आता आठवली. जुलैत विवरणपत्र भरताना संगणकाने आपणहून तिथे ३७,७०० हाच आकडा लिहून ठेवला होता. यंत्राची चूक झाली असे समजून मी तो खोडला होता आणि मोठ्या आत्मविश्वासाने ७५,४०० लिहिले होते. सरकार मला जुलैपासून सांगत होते. मी सरकारलाच दुरुस्त करून मोकळा झालो होतो.

सोमवारी कचेरीत गेलो. हिशेबखात्यात पगाराचे काम पाहणारा मुलगा वर्षाच्या कराराने लागलेला. त्याने तक्ता उघडला, वरखाली फिरवला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. झाले होते ते असे. २०२२ च्या ऑक्टोबरात आमच्या नागपूरच्या शाखेतून एक तरुण गृहस्थ इकडे बदलून आले. आडनाव माझे, नाव माझे, वडिलांच्या नावाचे आद्याक्षरही माझेच. संगणकाच्या तक्त्यात नावावरून पॅन क्रमांक शोधून आणणारे एक सूत्र होते. एका नावाची दोन माणसे झाल्यावर त्याने जो पहिला सापडला तो क्रमांक दोघांपुढेही लिहून टाकला. पॅनच्या दहा अक्षरांपैकी चौथे 'पी' म्हणजे व्यक्ती, आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर. म्हणजे त्यातली दोन अक्षरे सरकारनेच आम्हां दोघांत वाटून दिली होती; उरलेली आठ या मुलाच्या सूत्राने वाटली. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा माझा कर माझ्या नामबंधूच्या नावावर जमा होत राहिला.

हिशेबखात्याच्या वरिष्ठांनी मला आत बोलावून चहा पाजला. कचेरीत चहा आपणहून आला की मी सावध होतो.

"असं करा," ते गोड आवाजात म्हणाले, "ही रक्कम तुम्ही भरून टाका. ते तुम्हांला आपसांत हप्त्याने देतील. दुरुस्ती विवरण भरायचं म्हणजे वरचे विचारणार, त्या पोराचा करारही डिसेंबरात संपतोय…"

त्या पोराचे नाव घेतल्यावर मी विरघळलो. घरी येऊन अण्णांना हा तोडगा सांगितला, तर ते खुर्चीतून अर्धे उठलेच.

"मुळीच भरू नकोस! कापलेला कर कापलेल्याकडून पुन्हा मागता येत नाही. १९६१ च्या कायद्यात कलम २०५ त्यासाठीच आहे. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तिथे तर मालकाने कापलेला कर सरकारात भरलाच नव्हता, तरी नोकराकडून तो पुन्हा घेता येणार नाही म्हणाले. प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ आणि २०१६ साली आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलं की अशी वसुली सक्तीने करू नका. तुझ्या पगारातून कापलाच नसता, तर गोष्ट वेगळी. मग तो तुलाच भरावा लागला असता. पण तुझ्याजवळ बारा पगारपत्रकं आहेत, बँकेचं पुस्तक आहे. 'मागणी मान्य नाही' असं कळव, आणि कंपनीकडून दुरुस्ती विवरण भरून घे. ती दुरुस्ती तुला करता येत नाही, सरकारलाही नाही. ज्याने चूक लिहिली त्यानेच ती पुसायची. आणि पैशाचे आपसांतले हिशेब तोंडी करू नकोस. तोंडी हिशेबात माणूस तरी जातो, नाहीतर पैसा."

त्या रात्री मी 'मान्य नाही' असे कळवून टाकले. छाती थोडी पुढे आली. पण अंथरुणावर पडल्यावर एक विचार मनात शिरला आणि झोप उडाली. माझ्या नावावरून खोडलेले ते ४२,२४० कुठे जाणार होते? दुरुस्ती झाली की नामबंधूच्या नावावरची जमा उतरणार आणि त्याच्या घरी असेच एक पत्र जाणार, तेही बहुधा दिवाळीत. चूक त्याने केली नव्हती. त्याला ती ठाऊकही नसेल. की ठाऊक असेल? जुलैत आपला कर दुप्पट जमा दिसतो आणि मनुष्याला काहीच वाटत नाही, असे कसे होईल? मनात शाळेतला तो मुलगा बक्षीस घ्यायला उठून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला गाठले. पत्र जाण्याआधी तोंडाने सांगावे एवढे सौजन्य माझ्यात होते. आणि त्याचा चेहरा पाहावा एवढे कुतूहलही होते, हे लपवीत नाही. तिशी-पस्तिशीचा, सडपातळ, डबा उघडून एकटाच बसलेला. मी सांगत गेलो तसा त्याचा घास हातातच राहिला.

"परतावा आला होता, सर," तो बऱ्याच वेळाने म्हणाला. "ऑगस्टमध्ये. सदतीस हजारांच्या वर. आईला नागपूरहून आणलं आणि दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स करून घेतली."

मी गप्प राहिलो. तोच पुढे म्हणाला, "खरं सांगू? आकडा जास्त वाटला होता. एकदा मनात आलं, कुणाला तरी विचारावं. पण जास्त दिसणाऱ्या आकड्याकडे माणूस दुसऱ्यांदा बघत नाही, सर."

मला राग यायला हवा होता. वर्षभराचा नसला तरी निदान त्या क्षणापुरता. पण त्याच्या वाक्याने माझीच पंचाईत केली. जुलैच्या त्याच आठवड्यात, तसल्याच पडद्यासमोर आम्ही दोघे बसलो होतो. त्याला आकडा जास्त दिसला आणि त्याने तो बरोबर ठरवला. मला कमी दिसला आणि मी तो चूक ठरवला. दोघांनीही आपल्या सोयीचा आकडा खरा मानला. त्याच्या सोयीला लोक लोभ म्हणतील आणि माझ्या सोयीला प्रामाणिकपणा. पण डोळे दोघांनीही सारखेच मिटले होते. ऑपरेशन फक्त त्याच्या आईचे झाले.

मग आम्ही दोघे मिळूनच वरिष्ठांकडे गेलो. एकाच नावाच्या दोन माणसांनी सही केलेला अर्ज त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिला असावा. त्यात कुणाचे नाव आम्ही घेतले नव्हते. चूक सूत्राची आहे एवढेच लिहिले होते. दुरुस्ती विवरण भरावे, नामबंधूला परतावा फेडण्यासाठी ३७,७०० रुपयांची बिनव्याजी उचल द्यावी, ती पगारातून दहा हप्त्यांत कापावी, आणि त्याच्यावर सरकारचे जे व्याज बसेल ते कंपनीने सोसावे, अशा मागण्या होत्या. मसुदा अण्णांचा होता, त्यामुळे त्यात नकार द्यायला जागाच नव्हती. पुढच्या वेतनापासून तक्त्यात नावाऐवजी नोकरीचा क्रमांक वापरावा, हेही शेवटी होते. ते कलम त्या मुलाने स्वतः सुचवले होते. त्याचा करार डिसेंबरात पुढे चालू झाला. सुधारित विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत होती. नामबंधूने ती गाठली. मी माझ्या बाजूने दुरुस्तीचा अर्ज केला, आणि वर्ष उलटल्यावर एके दिवशी माझ्या नावापुढे 'येणे शून्य' असे उमटले. शून्याइतका देखणा आकडा मी दुसरा पाहिलेला नाही.

पण हे सारे पुढचे. त्या वर्षीच्या भाऊबीजेला आमच्या दाराची घंटा वाजली. दारात नामबंधू उभा, आणि त्याच्यामागे काळा चष्मा कपाळावर सरकवून आमचे घर निरखणाऱ्या त्याच्या मातोश्री. हातात अनारशांचा डबा.

"तुमच्या पैशांनी दिसायला लागलं म्हणे मला," त्या आत येत म्हणाल्या. "म्हटलं, ज्याच्या पैशांनी दिसतं त्याला आधी बघून तरी यावं."

"माझ्या नाही, सरकारच्या," मी म्हणालो.

"सरकारला कुठे ओवाळता येतं?" असे म्हणून त्यांनी सौभाग्यवतींकडून ताम्हण मागून घेतले. मला सख्खी बहीण नाही. साठीच्या पलीकडच्या त्या बाईंनी मला पाटावर बसवले आणि निरांजन माझ्या चेहऱ्याजवळ आणून क्षणभर तशीच धरली. त्या ओवाळीत होत्या की नव्या डोळ्यांनी पाहून घेत होत्या, कोण जाणे. ताम्हणात ओवाळणी टाकताना मी नोट दोनदा मोजली. नामबंधू हसला.

स्वयंपाकघराला फिकट पिस्ता रंग त्यानंतर लागला. आता दरवर्षी जुलैतल्या एका रविवारी नामबंधू आमच्याकडे येतो. आम्ही दोघे अण्णांच्या देखरेखीखाली एकमेकांचे कागद तपासतो. आपला आकडा आपल्याला नेहमीच बरोबर दिसतो. दुसऱ्याच्या आकड्यातली चूक मात्र चटकन सापडते. मनुष्यस्वभावातला हा दुर्गुण एवढ्या एका कामी तरी उपयोगी पडतो. अण्णा मधूनमधून 'थोरले' आणि 'धाकटे' अशी हाक मारतात. ही नावे त्यांना मीच सांगितली. या खेपेला थोरला मी आहे.