घरी नका सांगू

अलिबाग तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाची मी रेक्टर आहे. आमच्या मुली मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, तळा, रोहा या बाजूच्या. कुणाचे वडील होडीवर जातात, कुणाची आई बाजारात म्हावरं विकते, कुणाची चार गुंठ्यांची सुपारीची वाडी. घरातून कॉलेजला गेलेली बहुधा तीच पहिली मुलगी. रविवारी घरून परतताना एसटी उशिरा येते, मिनीडोर भरल्याशिवाय हलत नाही, आणि फाट्यावर उतरल्यावर वसतिगृहापर्यंत अंधारातून चालावं लागतं. एका हाताला भातखाचरं, दुसऱ्या हाताला मुंबईकरांचे बंगले. शनिवारी-रविवारी दिवसा तिथे गजबज असते. रविवारी संध्याकाळी गाड्या परत गेल्या की कुलपं लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या मुली त्या रस्त्याने येत असतात.

या रस्त्यावर एक मोटरसायकलवाला मुलींच्या मागे लागायचा. दिवा बंद करून हळूहळू मागे यायचा, नाव विचारायचा, नंबर मागायचा. मला हे मुलींनी सांगितलं नाही. मेसमध्ये भाकऱ्या करणाऱ्या मावशींनी सांगितलं. मुली त्यांच्याजवळ चुलीपाशी बसून बोलत असत, मावशींच्या कानावर पडलं आणि त्या गप्प बसल्या नाहीत.

मी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला खोलीवर बोलावलं. बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "मॅडम, घरी नका सांगू." त्या माणसाबद्दल एक शब्दही बोलण्याआधी तिने हे सांगितलं. घरी कळलं तर बाबा सामान न्यायलाच येतील, ही तिची खरी भीती होती. आमच्या वसतिगृहात फार जुना नियम होता. साडेसातनंतर येणाऱ्या मुलीचं नाव वहीत लाल शाईने लिहायचं आणि पालकांना फोन करायचा. एसटी वाटेत बंद पडली तरी फोन. मागे कोण लागलंय हे सांगायचं, तर उशीर झाला हेही सांगावं लागणार. म्हणून मुली तोंड मिटून होत्या, आणि त्या माणसाचं आयतंच फावत होतं.

हे मी प्राचार्यांसमोर मांडलं तेव्हा बरीच वादावादी झाली. शिस्त सैल होईल, असं काहींचं म्हणणं होतं. शेवटी एवढं ठरलं की उशिरा आलेल्या मुलीला आधी "कशी आलीस, वाटेत काही झालं का" असं विचारायचं, आणि तिच्याशी बोलल्याशिवाय घरी फोन करायचा नाही. लाल शाई बंद झाली. पुढच्या काही दिवसांत एकेक मुलगी खोलीचं दार ठोठावू लागली. एकीने जर्नलच्या शेवटच्या पानावर त्या मोटरसायकलचा नंबर लिहून ठेवला होता.

पोलिसांकडे जाण्याआधी मी मुलींना सगळं स्पष्ट सांगितलं. पाठलाग करणं हा 2013 पासून भारतीय दंड संहितेच्या कलम 354-ड खाली स्वतंत्र गुन्हा होता, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. पण पहिल्या खेपेला तो जामीनपात्र आहे. म्हणजे माणूस पकडला तरी सुटून येणार, पुन्हा समोर दिसणार. हे त्यांना आधी माहीत असणं मला फार महत्त्वाचं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तो फाट्यावर उभा दिसला असता, तर तक्रार करून काय मिळालं असं वाटून त्या पुन्हा कधी बोलल्या नसत्या. मुली एकत्र गेल्या, जबाब दिले. महिला हवालदार शांतपणे ऐकून घेत होत्या. तो माणूस सापडला, जामिनावर सुटला. त्या रस्त्यावर मात्र परत आला नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी मी मुलींबरोबर फाट्यापासून चालत आले. कुठे पाय उचलून चालावंसं वाटतं ते त्यांनी दाखवायचं आणि मी कागदावर खूण करायची. मला वाटलं होतं, खाचरांजवळच्या वळणावर त्या घाबरत असतील. त्यांनी खूण करायला लावली ती बंद बंगल्यांच्या लांब कुंपणभिंतीपाशी. तिथे हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. खाचरांच्या पलीकडे निदान वस्ती आहे. ग्रामपंचायतीने भिंतीपाशी दिवे लावले. एसटी आमच्या फाटकाशी थांबावी म्हणून आगारात अर्ज दिला, पाठपुरावा केला, आता संध्याकाळची गाडी थांबते. खाऱ्या हवेने दिव्यांच्या पेट्या गंजतात, पावसाळ्याआधी त्या तपासायचं काम अजून मीच करते.

जून 2023 मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. संशय होता तो वसतिगृहातच काम करणाऱ्या माणसावर, आणि त्याचा मृतदेह त्याच दिवशी रेल्वेरुळांवर सापडला. सुटीचे दिवस होते, बहुतेक मुली घरी गेलेल्या होत्या. त्या आठवड्यात आमचा फोन थांबत नव्हता. उंच भिंत, जास्त कॅमेरे, फाटक सहालाच बंद करा, अशा सूचना आल्या. पालकांचा जीव कासावीस झाला होता, ते मला कळत होतं. पण भिंत आणि फाटक बाहेरच्या माणसाला अडवतात. मी मुलींना वसतिगृहातल्याच माणसांबद्दल विचारलं. पहारेकरी, वायरमन, पाण्याच्या टाकीवर जाणारा, मेसचा गॅस आणणारा, यातलं कुणाचं वागणं खटकतं का? एका नावावर तिघींची मान हलली. ते काम आता दुसरा माणूस करतो.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत तक्रार समिती आमच्याकडे होतीच. 2013 च्या कायद्याने ती बंधनकारक आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनुसार तक्रार विद्यार्थ्यांबद्दल असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. तिच्या सदस्यांची नावं प्राचार्यांच्या दालनाबाहेर काचेत लावलेली होती, जिथे मुली बोलावल्याशिवाय जात नाहीत. तोच कागद मी लेडीज रूममध्ये आरशाशेजारी लावला, खाली 112 आणि सायबर तक्रारींसाठी 1930 असे दोन नंबर लिहिले. फोटो पसरवण्याच्या धमकीची पहिली तक्रार त्यानंतरच आली.

सुटीत प्रकल्पासाठी नाहीतर प्रॅक्टिकलसाठी मागे राहणाऱ्या मुलींना पूर्वी आपापल्याच खोल्यांत राहू देत असत. एका मजल्यावर एकटी मुलगी, असंही होई. आता सुटी लागण्याआधी मी यादी करते आणि त्या सगळ्यांना माझ्या खोलीच्या मजल्यावर आणते, एका खोलीत दोघी. सामान हलवायला त्या कंटाळतात, कुरकुर करतात. तरी हलवायला लावते.